मान्यता मिळाली, वाचक कुठे आहेत?

१९३३ साली ऑस्ट्रियन लेखक फ्रान्झ वेर्फेल यांची ‘मुसा दागचे चाळीस दिवस’ ही जर्मन कादंबरी प्रसिद्ध झाली. १९१५ साली ऑटोमन (तुर्की) राजवटीने केलेल्या आर्मेनियनांच्या संहारात काही आर्मेनियन गावांनी समुद्रकाठचा एक डोंगर गाठून ऑटोमन फौजेला कसं झुंजवलं, हा तिचा विषय. ती जगभर वाचली गेली. नाझी राजवटीने तिच्यावर बंदी घातली. हॉलिवूडच्या एमजीएमने चित्रपटासाठी हक्क घेतले आणि तुर्कस्तानचा दबाव आल्यावर तो बेत गुंडाळला. आर्मेनियन लोकांवर काय गुदरलं हे त्या काळच्या सामान्य युरोपीय-अमेरिकी वाचकाला कळलं, ते मुख्यतः या कादंबरीतून.

त्याच सुमारास सायप्रसमधल्या निकोसिया शहरात साहित्य शिकवणारे, पन्नाशीला आलेले एक मास्तर याच विषयाकडे नेणारी कादंबरी लिहीत होते. ती त्यांच्या स्वतःच्या भाषेत, पश्चिम आर्मेनियनमध्ये होती. कैरोच्या ‘हुसापेर’ या आर्मेनियन वर्तमानपत्रात ती क्रमशः छापली जात होती आणि १९३२ ते १९३४ दरम्यान कैरोतच ती पुस्तकरूपाने निघाली. लेखकाचं नाव हागोप ओशागान. कादंबरीचं नाव ‘म्नात्सोर्तात्स’, म्हणजे मागे उरलेले. तिच्या पहिल्या भागाचं इंग्रजी भाषांतर यायला पुढे जवळपास ८० वर्षं लागली.

वेर्फेल यांनी कळकळीने लिहिलं आणि आर्मेनियन समाज आजही त्यांचं ऋण मानतो, ते योग्यच आहे. पण या दोन पुस्तकांच्या नशिबातला फरक मला स्वस्थ बसू देत नाही. एका समाजाचा सर्वनाश जगाने परक्याच्या भाषेतून वाचला, आणि त्या समाजाच्या स्वतःच्या भाषेतली मोठी कादंबरी त्याच्या नातवंडांनाही वाचता येईनाशी झाली. गेल्या पन्नाससाठ वर्षांत परदेशस्थ आर्मेनियन समाजाने आपली सार्वजनिक ताकद प्रामुख्याने एका कामाला लावली: १९१५ साली जे घडलं त्याला जगाने नरसंहार म्हणावं. हे काम बऱ्याच अंशी तडीस गेलं आहे. भाषेचं काम मात्र मागे पडलं. ते मागे पडू देणं चुकीचं होतं असं माझं ठाम मत आहे, आणि ओशागान यांचं आयुष्य व लेखन पाहिल्यावर ते अधिकच पक्कं होतं.

ओशागान यांचा जन्म १८८३ चा, आजच्या वायव्य तुर्कस्तानातल्या बुर्साकडचा. मूळ आडनाव क्युफेजियान. त्यांनी पुढे घेतलेलं ओशागान हे नाव म्हणजे आर्मेनियन लिपीचा कर्ता मेस्रोप माश्तोत्स याची समाधी ज्या गावात आहे, त्या गावाचं नाव. रीतसर शिक्षण थोडंच झालं. बाकीची विद्या स्वतःच्या वाचनावर मिळवलेली. तरुणपणी आर्मेनियन शाळांतून मास्तरकी केली आणि खेड्यातल्या दुबळ्या, उपेक्षित माणसांवर कथा लिहिल्या. १९१४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) पाच तरुण लेखकांनी ‘मेह्यान’ नावाचं मासिक काढलं. दानिएल वारुझान, कोस्तान झारियान, केघाम पार्सेघियान, आहारोन आणि ओशागान. आर्मेनियन साहित्याने आता शाळकरी उपदेश आणि देशभक्तीची साचेबंद गाणी सोडून स्वतःचा आत्मा शोधावा, असा त्यांचा आग्रह होता. मासिकाचे सातच अंक निघाले. मग महायुद्ध सुरू झालं.

२४ एप्रिल १९१५ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन लेखक, पत्रकार, वकील, डॉक्टर अशा दोनशेहून अधिक माणसांना पोलिसांनी उचललं. त्यातले बहुतेक परत आले नाहीत. मेह्यानच्या पाचांपैकी वारुझान आणि पार्सेघियान त्याच वर्षी मारले गेले. ओशागान हाती लागले नाहीत. जवळपास तीन वर्षं ते त्याच शहरात घरं बदलत लपून राहिले आणि १९१८ च्या सुरुवातीला जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशात बल्गेरियाला निसटले. युद्धविराम झाल्यावर ते परतले, पुन्हा शिकवू लागले. याच काळात त्यांचा कथासंग्रह आला. उरल्यासुरल्या लेखकांनी १९२२ मध्ये पुन्हा एक मासिक सुरू करून पाहिलं. पण त्याच वर्षाअखेर केमाल पाशांचं सैन्य शहराच्या दाराशी आलं आणि ओशागान यांनी ते शहर कायमचं सोडलं. बल्गेरिया, इजिप्त, सायप्रस, आणि १९३४ पासून जेरुसलेम. यापुढचं सगळं आयुष्य परक्या मुलखात, दुसऱ्याच्या शाळेत तास घेत गेलं.

ज्या शाळेत त्यांनी कादंबरी लिहिली तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. क्रिकोर आणि गाराबेद मेल्कोनियान हे इजिप्तमध्ये तंबाखूच्या धंद्यात श्रीमंत झालेले दोन भाऊ. संहारात अनाथ झालेल्या आर्मेनियन मुलांसाठी त्यांनी निकोसियात शाळा बांधली. ती १९२६ मध्ये सुरू झाली. पहिल्या विद्यार्थ्यांनी शाळेपुढच्या माळावर आपापल्या मारल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीत झाडं लावली आणि तिथे छोटं बनच उभं राहिलं. झाडं लावून झाल्यावर ती मुलं वर्गात जाऊन बसत, आणि तिथे ओशागान त्यांना साहित्य शिकवत. ज्यांना आईबापांचा चेहराही धड आठवत नव्हता त्या मुलांपुढे उभं राहून हा माणूस वाक्य कसं बांधलंय, कवी कुठे खरा आहे आणि कुठे नुसता गळा काढतो आहे, हे समजावून देत होता. अनाथ मुलाला आधी पोटभर अन्न आणि हाताला एखादा धंदा द्यावा, साहित्य नंतर, असं त्या वेळी कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढता आलं नसतं. मेल्कोनियान बंधूंनी आणि त्या पिढीच्या शिक्षकांनी तसं केलं नाही. तिथून शिकून गेलेली मुलं पुढे बैरुत, अलेप्पो, पॅरिसपर्यंत शिक्षक, संपादक, लेखक झाली.

२००५ मध्ये ही शाळा बंद करण्यात आली. माजी विद्यार्थी विरोधाला उभे राहिले, वाद कोर्टात गेला, पण वर्ग काही पुन्हा भरले नाहीत. त्याच काळात जगभरच्या आर्मेनियन संघटना वेगवेगळ्या देशांच्या संसदांमध्ये मान्यतेचे ठराव मांडले जावेत म्हणून जिवाचं रान करत होत्या. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा केला होता. २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, २४ एप्रिल २०२१ ला अध्यक्ष बायडन यांनी नरसंहार हा शब्द अधिकृतपणे उच्चारला. आज तीसहून अधिक देशांनी नरसंहार मान्य केला आहे. दरम्यान २०१० मध्ये युनेस्कोने पश्चिम आर्मेनियन निश्चितपणे धोक्यात असलेल्या भाषांच्या यादीत घातली. या दोन घटना मी एकमेकींशेजारी ठेवतो, कारण त्या एकाच समाजाच्या एकाच काळातल्या आहेत.

आर्मेनिया नावाचा देश आहे, मग भाषेची एवढी चिंता कशाला, असं कोणी विचारेल. त्या देशाची भाषा पूर्व आर्मेनियन आहे. तिचं व्याकरण आणि उच्चार वेगळे आहेत, आणि सोव्हिएत काळात १९२२ मध्ये तिचं शुद्धलेखनही बदललं गेलं. ओशागान ज्या भाषेत लिहीत होते ती अनातोलियाची, म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानची, आणि कॉन्स्टँटिनोपलची. तिची माणसं मारली गेली किंवा हाकलली गेली, आणि तिच्या वाट्याला कुठलंही सरकार आलं नाही. ती टिकली ती बैरुतच्या बूर्ज हम्मूद वस्तीत, अलेप्पोत, इस्तंबूलच्या मोजक्या शाळांत, पॅरिसच्या छापखान्यांत. लेबनॉनचं यादवी युद्ध, मग सीरियाचं युद्ध, यांनी ही ठिकाणंही हलवली. लोक कॅलिफोर्नियाला, कॅनडाला गेले, आणि तिथल्या दुसऱ्या पिढीची भाषा इंग्रजी झाली.

आता कादंबरीकडे येतो. ‘म्नात्सोर्तात्स’चे तीन भाग योजले होते. पहिला गर्भाच्या वाटेने, दुसरा रक्ताच्या वाटेने, तिसरा नरक. तिसऱ्या भागात निर्वासन आणि कत्तल येणार होती. पहिले दोन भाग लिहून झाले, हजाराहून कितीतरी अधिक पानांचे. तिसरा लिहिला गेलाच नाही. ओशागान यांना ज्याचं चित्र काढायचं होतं तिथे पोचण्याआधीच कादंबरी थांबली. पण जे लिहिलं गेलं ते काय आहे? बुर्साच्या परिसरातल्या एका मोठ्या आर्मेनियन घराण्याची, वारसासाठी तळमळणाऱ्या घराची, त्यातल्या बायकांच्या हुकमतीची, वासनेची, लपवलेल्या पापांची गोष्ट. दुसऱ्या भागात तुरुंग येतो, छळ येतो, आणि पानंच्या पानं तुर्क पात्रं येतात. त्यांना ओशागान राक्षस करून सोडत नाहीत. ते त्यांच्या डोक्यात शिरतात, त्यांचा धर्म, त्यांची भीती, त्यांचा मत्सर, आर्मेनियन शेजाऱ्याबद्दलची त्यांची ओढ आणि तिरस्कार उलगडत राहतात. ‘सुलेमान एफेंदी’ नावाची एक वेगळी कादंबरीही त्यांनी तुर्क नायकावर लिहिली.

हे पचायला अवघड होतं, आणि आजही आहे. मारल्या गेलेल्या समाजाची स्मारकं बांधायची असतात तेव्हा त्या समाजाचं घर अंतर्बाह्य दाखवणारा लेखक कोणाला नको असतो. स्मारकाला निष्पाप बळी लागतो. मान्यतेच्या लढ्यालाही तोच लागतो, कारण तिथे समोर ‘नरसंहार झालाच नाही’ म्हणणारा उभा असतो, आणि प्रत्येक वाक्य त्याच्या उलटतपासणीत टिकेल असंच बोलावं लागतं. मार्क निशानियान यांनी, ज्यांनी ओशागान यांच्या कादंबरीवर अख्खं पुस्तक लिहिलं, हा पेच फार स्पष्टपणे मांडला आहे: वाचलेला माणूस सतत पुरावे सादर करत राहिला की तो मारणाऱ्याच्याच प्रश्नाला उत्तर देत राहतो. ओशागान यांनी ते प्रश्नच मनावर घेतले नाहीत. कत्तलीआधी तिथे जे जग होतं ते, त्याच्या घाणीसकट आणि वैभवासकट, कागदावर उतरवायचं होतं. बळींचा आकडा कितीही अचूक काढला तरी बुर्साच्या त्या घरातली सासू आपल्याला भेटत नाही. ती भेटते ती या कादंबरीत.

त्यांचं दुसरं मोठं काम समीक्षेचं. जेरुसलेमच्या आर्मेनियन वस्तीत, सेंट जेम्स मठाच्या धर्मविद्यालयात शिकवत असताना त्यांनी ‘पश्चिम आर्मेनियन साहित्याचं समग्र चित्र’ लिहायला घेतलं. दहा खंड, हजारो पानं. पहिला खंड १९४५ मध्ये जेरुसलेममध्ये छापला गेला, ज्या मठाने १८३३ मध्येच छापखाना घातला होता तिथे. शेवटचा खंड निघाला १९८२ मध्ये, लेबनॉनमधल्या अंतेलियासला, लेखकाच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. या खंडांत क्रिकोर झोहराब आहेत, सियामान्तो आहेत, वारुझान आहेत; तिघेही १९१५ मध्ये मारले गेलेले, वारुझान तर खुद्द मेह्यानचा सोबती. ओशागान त्यांच्यापुढे फुलं वाहून थांबत नाहीत. कविता कुठे उभी राहते आणि कुठे ढासळते, हे ते जिवंत लेखकाशी भांडावं तशा आवेशाने सांगतात. हुतात्म्याला सवलत दिली तर तो लेखक म्हणून दुसऱ्यांदा मरतो, अशीच जणू त्यांची समजूत होती. आणि दहावा खंड त्यांनी कोणावर लिहिला? स्वतःवर. आपल्या भाषेच्या साहित्यात ओशागान नावाच्या लेखकाचं स्थान काय, याचा पाढा त्यांनी परक्या समीक्षकासारखा वाचला. मला यात अहंकारापेक्षा निकड दिसते. आपल्यानंतर हे काम करायला कोणी उरेल याची त्यांना खात्री नव्हती.

त्यांचं गद्य कठीण आहे, हे मान्यच करायला हवं. वाक्यं लांब, गुंतागुंतीची, मध्येच फुटणारी. पण अवघड लेखक टिकतो तो त्याला शिकवणारे शिक्षक, टीपा देणारे संपादक आणि भाषांतरं करणारे लोक असतात म्हणून. मोठ्या भाषांत ही व्यवस्था आपोआप चालते, म्हणून ती दिसत नाही. राज्य नसलेल्या भाषेत ती कोणीतरी पैसे देऊन उभी करावी लागते.

आणि आर्मेनियन लोकांनी ती पूर्वी उभी केली आहे. त्यांचं पहिलं छापील पुस्तक १५१२ मध्ये व्हेनिसला निघालं, पहिलं छापील बायबल १६६६ ते १६६८ दरम्यान ॲमस्टरडॅमला, आणि जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, ‘आझदारार’, १७९४ मध्ये मद्रासला, हारुत्युन श्मावोनियान या धर्मगुरूने काढलं. मुंबईच्या फोर्टात, मेडोज स्ट्रीटवरचं सेंट पीटर आर्मेनियन चर्च १७९६ चं, म्हणजे त्याच पिढीचं. व्यापारासाठी परमुलखात राहणारे हे लोक जिथे गेले तिथे चर्च बांधत आणि जमेल तिथे खिळे पाडून छापखाना घालत. तेव्हाही त्यांच्याकडे राज्य नव्हतं. त्यामुळे देश सुटला की भाषा सुटणारच, हे मला पटत नाही. स्थलांतराने भाषा दुबळी होते हे खरं, पण कशावर खर्च करायचा हा निर्णय माणसंच घेतात.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप दोन आहेत. पहिला असा की तुर्कस्तानचं नरसंहार नाकारणं अजून थांबलेलं नाही. इस्तंबूलच्या ‘आगोस’चे संपादक ह्रांत दिंक यांना १९ जानेवारी २००७ ला त्यांच्या कचेरीबाहेर गोळ्या घातल्या गेल्या, त्याआधी तुर्कीपणाचा अपमान केला म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. मान्यतेचा लढा सोडून द्या असं म्हणायला मी धजावणार नाही. पण दिंक कोण होते हेही आठवावं. ते तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत निघणारं साप्ताहिक चालवत होते, आणि परदेशस्थ आर्मेनियनांना ते वारंवार सांगत होते की तुर्कांवरच्या रागात अडकून राहू नका, स्वतःचं जगणं घडवा. इस्तंबूलमधल्या ‘आरास’ या प्रकाशनसंस्थेने १९९३ पासून त्याच शहरात आर्मेनियन पुस्तकं काढली आणि आर्मेनियन लेखक तुर्की वाचकापुढे नेले. तुर्क तरुणाचं मन एखाद्या परदेशी ठरावाने बदलेल की आपल्याच गल्लीत पूर्वी राहणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वाचून, यावर माझा कौल दुसऱ्या बाजूला पडतो.

दुसरा आक्षेप ताजा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानमधल्या आर्मेनियनबहुल नागोर्नो-काराबाखमधून काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरदार सोडून निघाले. अशा वेळी कादंबऱ्यांचं काय घेऊन बसलात? त्या लोकांना आधी छप्पर हवं आणि सुरक्षा हवी, यात वादच नाही. पण १९२६ ची स्थिती याहून भयंकर होती, आणि तेव्हाच्या लोकांनी अन्नछत्र, दवाखाना आणि साहित्याचा वर्ग एकाच वेळी चालवला. संकट आहे म्हणून भाषा थांबवायची, असं ठरवलं तर आर्मेनियनांच्या इतिहासात भाषेची पाळी कधीच येणार नाही.

ओशागान १७ फेब्रुवारी १९४८ ला अलेप्पोत वारले. ते सीरियातल्याच देर-ए-झोरला जायला निघाले होते, जिथे १९१५-१६ मध्ये निर्वासितांचे तांडे वाळवंटात संपवले गेले. म्हणजे लिहायच्या राहिलेल्या तिसऱ्या भागाच्या ठिकाणी. त्या गावात पुढे स्मारक-चर्च बांधलं गेलं, आणि २०१४ मध्ये ते स्फोटाने उडवलं गेलं. ते पुन्हा उभारावं यासाठी लोक पैसे देतील, द्यावेतही. मला एवढंच विचारायचं आहे की त्यांच्या दहा खंडांची नीट संपादित, टीपांसह, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशी आवृत्ती काढायला असेच लोक पुढे का येत नाहीत?

सगळीकडे अंधार नाही. लिस्बनचं गुलबेंकियान फाउंडेशन पश्चिम आर्मेनियनच्या शिक्षणावर खर्च करतं. बैरुतला जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले क्रिकोर बेलेडियान आजही याच भाषेत कादंबऱ्या लिहितात. तेही ओशागान यांच्यासारखेच कादंबरीकार आणि अभ्यासक दोन्ही आहेत, आणि फ्रान्समधल्या आर्मेनियन साहित्याचा ५० वर्षांचा इतिहास त्यांनी लिहिला आहे. ओशागान यांचे पुत्र वाहे हे स्वतः मोठे कवी होते. बैरुत सोडून अमेरिकेत गेल्यावरही त्यांनी आर्मेनियन कविता इंग्रजीत आणण्यासाठी नियतकालिक चालवलं. म्हणजे काम करणारी माणसं आहेत. त्यांच्यामागे समाजाची संघटित ताकद नाही.

कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल शहरात आर्मेनियनांची वस्ती इतकी मोठी आहे की तिथल्या सरकारी शाळा २४ एप्रिलला बंद असतात. हे समाजाने झगडून मिळवलं आहे. ज्यांनी ती सुट्टी मिळवली त्यांनी आता त्याच चिकाटीने पश्चिम आर्मेनियन शिकवणाऱ्या तरुण शिक्षकाला पोट भरेल एवढा पगार मिळवून द्यावा, ‘म्नात्सोर्तात्स’च्या संपूर्ण भाषांतराला पैसा उभा करावा, आणि या भाषेत १९१५ शी काही संबंध नसलेली कादंबरी लिहू पाहणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला प्रकाशक मिळवून द्यावा. यासाठी कुठल्याही देशाच्या संसदेत मतदान व्हावं लागत नाही.